फिरले म्हणून कळले: अणुकेंद्राच्या आकाराची हकीकत

१९३५ साली जर्मनीत हेर्मान श्यूलर आणि थिओडोर श्मिट हे दोघे युरोपियम या मूलद्रव्याचा वर्णपट तपासत होते. वर्णपटातली एखादी रेषा बारकाईने पाहिली की ती अनेक सूक्ष्म रेषांची बनलेली आढळते आणि त्या रेषांमधली अंतरे एका ठरलेल्या नियमाने वाढत जातात. युरोपियमच्या रेषा तो नियम पाळत नव्हत्या. फरक थोडा होता, पण मापनातली चूक म्हणून सोडून देण्याइतका थोडा नव्हता. दोघांनी त्यातून निष्कर्ष काढला की भोवतालच्या इलेक्ट्रॉनांना मधले अणुकेंद्र गोल भासत नाही, त्याचा विद्युतभार एका अक्षाच्या दिशेने ताणलेला आहे. पुढच्याच वर्षी हेंड्रिक कॅसिमिर या डच भौतिकशास्त्रज्ञाने हारलेमच्या टायलर संस्थेच्या स्पर्धेसाठी लिहिलेल्या निबंधात या परिणामाचे पक्के गणित मांडले. भार गोलापासून किती ढळला आहे याचे जे माप त्यातून मिळते, त्याला चतुर्ध्रुवी आघूर्ण म्हणतात. केंद्र विटीसारखे लांबट असेल तर ते धन येते, पेढ्यासारखे चपटे असेल तर ऋण.

म्हणजे अणुकेंद्र गोल नसू शकते हे १९३५ सालीच छापले गेले होते. तरी ही गोष्ट अणुकेंद्रशास्त्राचा पाया व्हायला आणखी जवळजवळ दोन दशके लागली. या विलंबाचा नेहमीचा खुलासा असा दिला जातो, की १९५० पूर्वी केंद्राची दोन परस्परविरोधी चित्रे प्रचलित होती आणि त्यांचा मेळ बसला तेव्हा आकाराचा प्रश्न सुटला. हा खुलासा चुकीचा नाही, पण माझ्या मते तो अर्ध्यावर थांबतो. केंद्र स्थिर, तळच्या अवस्थेत असताना कितीही मोजले तरी ‘आकार’ हा शब्द संशयास्पदच राहिला असता. त्याला अर्थ मिळाला तो केंद्राला धक्का देऊन, ते फिरायला लावून, त्याच्या उत्तेजित अवस्थांच्या ऊर्जा एकामागून एक मांडल्या तेव्हा. या इतिहासाचा कणा म्हणूनच १९५० पेक्षा १९५३ हे वर्ष आहे.

ती दोन चित्रे कोणती, हे आधी पाहिले पाहिजे. १९३६–३७ मध्ये नील्स बोर यांनी केंद्राकडे द्रवाच्या थेंबासारखे पाहायला सुरुवात केली. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की एकट्या कणाच्या हालचालीला अर्थ नाही, सारा थेंब मिळून थरथरतो, असे ते चित्र होते. १९३८च्या नाताळात स्वीडनमधल्या कुंगेल्व्ह गावी लीझे माइटनर आणि ओटो फ्रिश यांनी याच थेंबाच्या आधारे युरेनियमच्या विखंडनाचा अर्थ लावला आणि १९३९ मध्ये बोर व जॉन व्हीलर यांनी त्याचे सविस्तर गणित केले. थेंब ताणला जातो, कमरेत बारीक होतो आणि तुटतो, हे वर्णन तेव्हापासून सर्वपरिचित आहे. पण याच थेंबाला पृष्ठताणही असतो आणि पृष्ठताणाला गोल आवडतो. तळच्या अवस्थेत थेंबाने ताणलेले राहावे, असे कोणतेही कारण त्या चित्रात नव्हते.

दुसरे चित्र १९४९ चे. अमेरिकेत मारिया गेपर्ट-मेयर यांनी, आणि जर्मनीत हाक्सेल, येन्सन आणि झ्यूस यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की केंद्रातले कण अणूतल्या इलेक्ट्रॉनांसारखे ठराविक कक्षांत जवळजवळ मुक्तपणे फिरतात असे मानले, आणि प्रत्येक कणाच्या स्वतःच्या परिवलनाचा त्याच्या कक्षेशी जोरदार संबंध जोडला, की २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६ हे तथाकथित जादुई अंक आपोआप मिळतात. या कवच-प्रतिमानाचे यश इतके ठळक होते की थेंबाचे चित्र मागे पडते की काय असे वाटू लागले. मात्र त्याच्या गणिताची सुरुवातही गोल क्षेत्रापासूनच होत होती. म्हणजे एकमेकांशी भांडणारी ही दोन्ही प्रतिमाने एका गोष्टीवर एकमत होती: केंद्र मुळात गोल आहे.

आकडे मात्र या एकमताला जुमानत नव्हते. कोलंबिया विद्यापीठात चार्ल्स टाउन्स आणि त्यांचे सहकारी सर्व ज्ञात चतुर्ध्रुवी आघूर्णे एकत्र मांडत होते. जादुई अंकांच्या जवळ ती लहान होती. पण दोन जादुई अंकांच्या मधोमध, विशेषतः दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांमध्ये, ती प्रचंड होती. कवच-प्रतिमानानुसार ते सगळे आघूर्ण बाहेरच्या एखाददुसऱ्या प्रोटॉनमुळे असायला हवे होते, पण एका प्रोटॉनच्या वाट्याला येईल त्यापेक्षा प्रत्यक्ष मूल्ये कितीतरी पट मोठी निघत होती. १९४९च्या अखेरीस टाउन्स यांनी हे एका व्याख्यानात मांडले तेव्हा श्रोत्यांत जेम्स रेनवॉटर होते. त्यांना जे सुचले ते आज विलक्षण सोपे वाटते. बाहेरच्या कक्षेत फिरणारा कण आतल्या गाभ्यावर आपल्या परीने दाब देतो. त्याची कक्षा गोल नसते, तर गाभा गोल का राहावा? गाभा किंचित ताणला गेला तर त्या कणाची ऊर्जा उतरते. गाभ्यात भार पुष्कळ असल्याने थोड्याशा ताणानेही आघूर्ण मोठे येते. १९५० मध्ये हा लेख प्रसिद्ध झाला. कवच-प्रतिमानाला गोल क्षेत्राची सवय होती, पण गरज नव्हती, हे त्यातून स्पष्ट झाले.

त्या वर्षी रेनवॉटर यांच्याच खोलीत बसणारे पाहुणे संशोधक होते नील्स बोर यांचे चिरंजीव ऑगे बोर. वडिलांना नोबेल मिळाले त्याच १९२२ साली त्यांचा जन्म झाला होता. थेंबाचे चित्र त्यांना घरातूनच मिळालेले होते. रेनवॉटर यांनी ताण का पडतो ते सांगितले होते. ताणलेले केंद्र पुढे काय करेल, हा प्रश्न ऑगे बोर यांनी उचलला आणि तो कोपनहेगनला नेला. तिथे १९५० मध्ये शिष्यवृत्ती घेऊन आलेला शिकागोत जन्मलेला तरुण बेन मॉटेलसन त्यांना भेटला. या दोघांची जोडी पुढे दशकानुदशके टिकली.

इथे एक भौतिक मुद्दा थांबून समजून घ्यायला हवा, कारण सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. पुंजभौतिकीत पूर्ण गोल वस्तू फिरू शकत नाही. ठिपका, डाग, रेघ काहीच नसलेला गुळगुळीत गोळा थोडा फिरवला तर आधीची आणि नंतरची स्थिती यांत कोणताही फरक उरत नाही. फरकच नाही, तर तिथे फिरण्याची वेगळी ऊर्जा आणि वेगळी अवस्था असण्याचाही प्रश्न नाही. विटी मात्र फिरली की कळते. लांबट केंद्राला आपल्या अक्षाशी काटकोनात असलेल्या रेषेभोवती फिरण्याच्या अवस्था असतात आणि त्यांच्या ऊर्जांचे प्रमाण आकाराच्या तपशिलावर जवळपास अवलंबून नसते. कोनीय संवेगाची मूल्ये २, ४, ६, ८ घेतली, तर ऊर्जा २ गुणिले ३, ४ गुणिले ५, ६ गुणिले ७, ८ गुणिले ९ यांच्या, म्हणजे ६, २०, ४२, ७२ यांच्या प्रमाणात येतात. पहिल्या अवस्थेला एकक धरले तर दुसरी ३.३३ पट, तिसरी ७ पट, चौथी १२ पट. गोल केंद्राच्या थरथरीतून असा क्रम निघत नाही. तिथे दुसरी अवस्था पहिलीच्या साधारण दुप्पट असते.

१९५३ मध्ये बोर आणि मॉटेलसन यांनी हे गणित उपलब्ध आकड्यांशी ताडून पाहिले. हाफ्नियम-१८० या समस्थानिकाची एक दीर्घकाळ टिकणारी उत्तेजित अवस्था आधीपासून माहीत होती. तिचे अर्धायुष्य साधारण साडेपाच तासांचे आहे. ती क्षय पावताना गॅमा किरणांची एक साखळी बाहेर पडते, आणि त्या साखळीतून खालच्या अवस्थांच्या ऊर्जा मिळतात: ९३, ३०९, ६४१ आणि १०८४ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट. भागाकार करून पाहावा: ३.३, ६.९, ११.६. कोणतीही मनाजोगती संख्या न घालता हा मेळ बसला. शिवाय अगदी कमी ऊर्जेची पहिली पायरी हेही बोलके होते. दोन्ही जादुई अंक पूर्ण असलेल्या शिसे-२०८ ची पहिली उत्तेजित अवस्था २६१५ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टवर आहे. हाफ्नियमचे केंद्र त्याच्या जवळजवळ अठ्ठाविसाव्या भागात जागे होते. एकट्या कणाला वरच्या कक्षेत ढकलायला एवढी कमी ऊर्जा पुरणार नाही. सारे केंद्र एकत्र फिरत असेल तरच ती पुरते. त्याच वर्षी बर्कलीत युरेनियमच्या आसपासच्या जड केंद्रांच्या अल्फा क्षयातही हाच क्रम सापडला. कोपनहेगनमध्ये टॉर्बेन हूस आणि चर्तोमिर झुपांचिच यांनी प्रोटॉनचा झोत टँटलमवर सोडून, केंद्राला स्पर्श न करता केवळ विद्युतबलाने ते फिरायला लावले. असे फिरणे जितक्या सहजतेने घडते त्यावरून भार किती ताणलेला आहे हे थेट काढता येते, आणि तो ताण आघूर्णांवरून काढलेल्या ताणाशी जुळला.

१९५३ ला कणा मानण्यात रेनवॉटर यांच्यावर अन्याय होतो, अशी हरकत घेता येईल. मूळ कल्पना त्यांची, लेख त्यांचा आधी, आणि १९७५ चे नोबेलही त्यांना या दोघांबरोबरच मिळाले. त्यांचे श्रेय कमी करण्याचा माझा हेतू नाही. केंद्र विटीसारखे का होते याचे कारण देणारे पहिले तेच. परंतु केवळ मोठ्या आघूर्णावरून आकार सिद्ध होत नव्हता. आघूर्ण ही एकच संख्या आहे आणि एका संख्येचे खुलासे अनेक असू शकतात. त्याहून मोठी अडचण अशी, की ज्या केंद्रात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्ही सम संख्येने असतात, त्याचा तळच्या अवस्थेतला कोनीय संवेग शून्य असतो. अशा केंद्राला दिशाच नसते, म्हणून बाहेरून मोजलेले त्याचे आघूर्ण नेमके शून्य येते. हाफ्नियम-१८० तळच्या अवस्थेत कितीही काटेकोरपणे मोजले तरी गोलच भासेल. त्याचा लांबटपणा फक्त वरच्या पायऱ्यांवर वाचता येतो.

याच ठिकाणी दुसरा, अधिक गंभीर आक्षेप उभा राहतो. ज्याला दिशाच नाही त्याला आकार आहे असे म्हणणे म्हणजे शब्दांचा खेळ नव्हे काय? मला याचे उत्तर रेणूंकडे बघून द्यावेसे वाटते. हायड्रोजन क्लोराइडचा रेणू डंबेलसारखा आहे यावर कोणाचाही वाद नाही, आणि तळच्या अवस्थेत तोही सर्व दिशांना सारखाच पसरलेला असतो. त्याचा आकार कळला तो परिभ्रमणाच्या वर्णपटावरूनच. आतील कणांची हालचाल झपाट्याने होत असेल आणि सगळ्याचे एकत्र फिरणे त्या मानाने संथ असेल, तर त्या संथ फिरण्याला एक ठरलेला आकार देता येतो. केंद्रात हा फरक रेणूइतका मोठा नाही, ही गोष्ट मान्य करायला हवी. म्हणूनच हाफ्नियमचा चौथा आकडा १२ ऐवजी ११.६ येतो. फिरता फिरता केंद्र किंचित बदलते, आणि तो बदलही त्या आकड्यात नोंदला जातो.

हा बदल किती खोल जातो, हे पुढच्या वर्षांत उलगडत गेले. लुंडच्या स्वेन योस्टा निल्सन यांनी १९५५ मध्ये कवच-प्रतिमानातले क्षेत्रच ताणून घेतले आणि ताण वाढत जाईल तशी प्रत्येक कक्षेची ऊर्जा कशी सरकते ते आलेखात मांडले. विषम संख्येच्या शेकडो केंद्रांच्या अवस्था त्या आलेखाने समजू लागल्या. पण फिरण्याच्या ऊर्जेवरून केंद्राचे जडत्व काढले तेव्हा एक कोडे उभे राहिले. ते घन गोळ्याच्या निम्म्याच्या आसपास येत होते, आणि आतला द्रव गाभ्यात स्तब्ध ठेवून फक्त पृष्ठभागाची लाट फिरते असे मानले तर येणाऱ्या मूल्यापेक्षा कित्येक पट जास्त. उकडलेले अंडे फिरवले की सगळेच फिरते, कच्चे अंडे रेंगाळते. केंद्र या दोहोंच्या मधले कुठलेतरी होते. १९५८ मध्ये बोर, मॉटेलसन आणि डेव्हिड पाइन्स यांनी त्याचे कारण सुचवले. अतिसंवाहक धातूत इलेक्ट्रॉन जसे जोड्यांनी बांधले जातात, तसे केंद्रातले कणही जोड्यांनी बांधलेले असतात आणि त्या जोड्या फिरण्यात पूर्ण भाग घेत नाहीत. मग खूप वेगाने फिरवले तर या जोड्या फुटायला हव्यात. १९७१ मध्ये स्टॉकहोमला जॉन्सन, रीडे आणि श्टार्किएर यांना डिस्प्रोसियममध्ये तसेच आढळले: कोनीय संवेग वाढत असताना एका टप्प्यावर फिरण्याचा वेग वाढण्याऐवजी कमी झाला. सगळ्याच जोड्या एकदम फुटल्या असा अर्थ आधी लावला गेला. पुढच्या वर्षी स्टीफन्स आणि सायमन यांनी दाखवले की एकाच विशिष्ट कक्षेतली एक जोडी सुटून फिरण्याच्या दिशेने कलते, आणि हेच स्पष्टीकरण टिकले.

आकार एकच आणि कायमचा असेल, असे मानणेही चुकीचे ठरले. सॅमेरियममध्ये हे सर्वांत सुरेख दिसते. सॅमेरियम-१५० ची पहिली अवस्था ३३४ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टवर, दुसरी तिच्या २.३ पट. त्यात फक्त दोन न्यूट्रॉन घातले की सॅमेरियम-१५२ मध्ये पहिली १२२ वर उतरते आणि प्रमाण ३.० होते. ८८ न्यूट्रॉन असताना थरथरणारे जवळजवळ गोल केंद्र ९० न्यूट्रॉनांवर फिरणारी विटी बनते. आता श्यूलर आणि श्मिट यांच्या युरोपियमकडे परत पाहावे. त्यांच्यापुढे दोन समस्थानिक होते, १५१ आणि १५३, म्हणजे ८८ आणि ९० न्यूट्रॉनांचे, आणि दुसऱ्याचे आघूर्ण पहिल्याच्या दुपटीहून अधिक आहे. आकाराच्या पहिल्याच मापनात आकाराचा सर्वांत तीव्र बदल दडलेला होता. तो वाचायला लागणारी लिपी, म्हणजे उत्तेजित अवस्थांचा क्रम, तेव्हा कोणापाशी नव्हती.

याहून चकित करणारा पुरावा जड केंद्रांतून आला. १९६२ मध्ये दुबना येथे पोलिकानोव्ह आणि सहकाऱ्यांना अमेरिशियम-२४२ मध्ये अशी एक अवस्था सापडली की ती सेकंदाच्या सुमारे सत्तराव्या भागात आपोआप दुभंगते. इतक्या लवकर दुभंगणारी अवस्था थेंबाच्या गणितात कुठेच बसत नव्हती. १९६७ मध्ये स्ट्रुटिन्स्की यांनी थेंबाची ऊर्जा आणि कवचांची ऊर्जा एकत्र केली, तेव्हा विखंडनाच्या वाटेवर एका टेकडीऐवजी दोन टेकड्या आणि मध्ये एक खोलगट जागा निघाली. ती अवस्था म्हणजे त्या खोलगटात अडकलेले, फार लांबट झालेले केंद्र. हा तर्क सुंदर होता, पण तर्कच होता. १९७२ मध्ये म्युनिकला श्पेख्ट आणि सहकाऱ्यांनी प्लुटोनियम-२४० च्या तशाच अवस्थेवर उभ्या राहिलेल्या परिभ्रमणाच्या पायऱ्या मोजल्या. तळच्या अवस्थेवरच्या पायऱ्यांची उंची ठरवणारा, जडत्व वाढले की घटणारा स्थिरांक ७.२ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. इथे तो ३.३ निघाला. जडत्व दुपटीहून मोठे, म्हणजे लांबी रुंदीच्या साधारण दुप्पट. काही नॅनोसेकंद जगणाऱ्या केंद्राची लांबी अशी मोजली गेली, आणि तीही पुन्हा फिरण्यावरूनच.

त्याच वर्षी सर्नच्या आयसोल्डे प्रयोगशाळेत पाऱ्याच्या अल्पायुषी समस्थानिकांवर प्रकाशाचे प्रयोग झाले. न्यूट्रॉन कमी करत गेले की केंद्राचा भार हळूहळू आक्रसत जातो. पण पारा-१८७ वरून पारा-१८५ वर येताच तो एकदम फुगला. नंतरच्या मापनांत दिसले की १८१, १८३, १८५ ही विषम केंद्रे फुगलेली, तर त्यांच्या मधली सम केंद्रे शांतपणे आपल्या जुन्या रेषेवर. पहिल्या नजरेला हे अशक्य वाटते. परंतु १८४ आणि १८६ या सम केंद्रांच्या थोड्याच वरच्या उत्तेजित अवस्था पाहिल्या की तिथे लांबट केंद्राच्या फिरण्याची नेमकी तीच शिडी सापडते. दोन आकार त्या केंद्रांत शेजारी शेजारी आहेत. एक न्यूट्रॉन इकडचा तिकडे झाला की कोणता तळाला जाणार हे ठरते. २००० मध्ये शिसे-१८६ मध्ये तर गोल, चपटी आणि लांबट अशा तीन शून्य संवेगाच्या अवस्था ६५० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आत आढळल्या.

तिसरा आक्षेप कवच-प्रतिमानाच्या बाजूने येतो, आणि त्याचा मान ठेवला पाहिजे. १९५८ मध्ये जे. पी. एलियट यांनी दाखवले की कणांना फक्त कक्षांत बसवून, आकाराचे नावही न घेता परिभ्रमणाच्या शिड्या मिळू शकतात. मग आकार अनावश्यक नाही का? मला तो आक्षेप उलट पुष्टी देणारा वाटतो. एलियट यांच्या गणितात शिडीतल्या सर्व अवस्था एकाच ताणलेल्या मूळ रचनेतून निघतात. २०१८ मध्ये पाऱ्याच्या मापनांचा अर्थ लावण्यासाठी जे अवाढव्य कवच-गणित केले गेले, त्यातूनही लांबट आणि चपटे आकार वेगळे दाखवता आले. न घातलेली गोष्ट दोन्ही वेळा बाहेर आली.

१९८६ मध्ये इंग्लंडमधल्या डेअर्सबरी येथे पीटर ट्विन यांच्या गटाने डिस्प्रोसियम-१५२ मध्ये जवळजवळ सारख्या ४७ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट अंतरावरच्या एकोणीस गॅमा रेषांची शिडी पकडली. कोनीय संवेग साठापर्यंत गेला होता आणि आकार पुन्हा दोनास एक. त्यानंतर जगभर गॅमा शोधकांचे मोठे संच उभे राहिले. भारताचा असा संच मुंबई, दिल्ली आणि कोलकाता येथील त्वरकांवर आळीपाळीने बसवला जातो. मुंबईत तो कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारातल्या पेलेट्रॉनवर असतो, आणि समुद्राकाठच्या त्या इमारतीत फिरत्या केंद्रांच्या अशाच शिड्या वाचल्या जातात.

अलीकडे या सगळ्या मांडणीला एक नवे आव्हान मिळाले आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या स्टार प्रयोगाने युरेनियम-२३८ ची केंद्रे प्रकाशाच्या जवळपास वेगाने एकमेकांवर आदळवून काढलेला त्यांचा आकार प्रसिद्ध केला. टक्कर इतकी झटपट होते की फिरण्याला सवडच मिळत नाही; प्रत्येक टक्कर म्हणजे त्या क्षणी विटी जशी पडली होती तशी तिची छबी. तळच्या अवस्थेतच, उत्तेजित शिडीशिवाय आकार मिळाला, तर शिडीवाचून आकाराला अर्थ नाही हे म्हणणे टिकते का? टिकते, असे मला वाटते, पण दुरुस्तीसह. लाखो टकरींच्या त्या सांख्यिकीतून लांबटपणा वेगळा काढता आला तो जवळजवळ गोल असलेल्या सोन्याच्या केंद्रांच्या टकरींशी तुलना करून, आणि काय शोधायचे हे सत्तर वर्षांच्या शिड्यांनी आधीच ठरवून दिलेले होते. युरेनियम किती लांबट आहे याचे जे मूल्य त्या छब्यांतून आले, ते विद्युतबलाने त्याच केंद्राला फिरवून काढलेल्या जुन्या मूल्याशी जुळले.